पंप चालू आहे, दाजी

दाजी, पंप बसवलाय. चालू आहे, कुठं गळत नाही, पाणी स्वच्छ झालंय, तळाच्या फरशीवरच्या निळ्या रेघा वरून उभ्यानं दिसतात. एवढं तुम्हाला कळवायचं होतं. आता तुम्ही विचाराल, मग तोंड असं का, पाव्हणं? त्याचं उत्तर मला देता येत नाही, म्हणून तर लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन जेमतेम पंधरवडा झाला आणि एवढ्यात माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. कुणाला विचारावं म्हटलं, तर असल्या बाबतीत विचारायचा माणूस तुम्हीच होता.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, हे सगळं तुमचा लेक सुहास पेपरात देणार आहे, फोटोसकट. कोट घातलेला फोटो निवडलाय त्यानं. मला तर तुम्ही आठवता ते गळ्यात शिट्टी, अंगात बनियन आणि हातात ते लांब दांड्याचं जाळं अशा अवतारात. उभी हयात शाळेत पीटीचे सर म्हणून काढली, निवृत्त झालात आणि होटगी रोडच्या ज्या प्लॉटवर शहाण्या माणसानं बंगला बांधला असता तिथं तुम्ही पोहायचा टँक बांधलात. स्वतःला राहायला त्याच्या कडेला दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तेही कुठं, तर सोलापुरात. जिथं नळाला पाणी यायचा दिवस असला की माणसं कामावर दांडी मारून बादल्या धरतात, त्या गावात. मी तेव्हाच म्हणालो होतो की दाजींना उन्हाचा त्रास झालाय. तुम्ही हसला होता आणि मला पाइप धरायला लावला होता.

मी माढ्याकडचा ऊसवाला. अक्का माझी थोरली बहीण, म्हणजे तुमची-माझी दाजी-मेव्हण्याची जोडी, आणि या नात्यात एकमेकांची टर उडवायची मुभाच असते. ती आपण पुरेपूर वापरली. मी विहिरीत पोहायला शिकलेला, काठावरून मुटका मारून खालचा गाळ वर आणणारा. तुमच्या टँकमध्ये पहिल्यांदा उतरलो तेव्हा तुम्ही शिट्टी मारून पोहायला शिकणाऱ्या बॅचच्या पोरांना गोळा केलंत आणि सांगितलंत, बघा रे, पोहताना मान अशी ठेवायची नाही. म्हशीसारखी. सगळा टँक हसला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, टँक बंद असताना, तुम्ही मला एकट्याला पाण्यात उभं केलंत आणि तोंड बुडवून श्वास सोडायला शिकवलंत. माझी पोरं तेव्हा कॉलेजात होती आणि मी तिथं बुडबुडे काढत होतो. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोललो नाही. आता म्हणतो, लई उपकार झाले.

त्या सकाळी तुम्ही टँकच्या कडेला पडलात. शेजारच्यांनी बघितलं आणि गाडीत घातलं, पण दवाखान्यात डॉक्टरला करायला काही उरलं नव्हतं. मी माढ्याहून पोचलो तेव्हा तुम्हाला घरी आणून ठेवलं होतं. माणसं येत होती, बायका अक्काभोवती बसल्या होत्या, आणि मागं तुमचा पंप चालूच होता. तो बंद करावा हे त्या गर्दीत एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. फाल्गुनातली कडुनिंबाची पानगळ, टँकवर पानांचा थर. ती पानं पंपाच्या तोंडाच्या जाळीत जाऊन बसत राहिली. तुम्ही ती जाळी रोज झाडायचा, ती कोण झाडणार? तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून परत आलो तर आवारात करपल्याचा वास. जाळी तुंबून पंपाला पाणी मिळेना, तो कोरडाच फिरला आणि जळाला. त्या उष्णतेनं जवळचे पाइपसुद्धा मऊ पडून वाकले होते.

अक्का तोवर रडली नव्हती. बायकांनी नाना प्रयत्न केले. गळ्यात पडून झालं, तुमच्या आठवणी काढून झालं, एका आत्यानं तर रागवून बघितलं. अक्का भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. कुणी पाणी दिलं तर प्यायची, घास भरवला तर चावायची. आणि त्या दिवशी मी पाय धुऊन आत आलो तसं तिनं मान वर केली आणि तुम्ही गेल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली.

"दत्ता, पंप बंद पडलाय. तेवढा चालू करून दे."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी व्हय म्हणालो, काही कळलं नाही तरी.

सुहासचं म्हणणं वेगळं होतं, आणि खरं सांगायचं तर चुकीचं नव्हतं. बाबाच नाहीत तर टँक कुणासाठी, मामा? आईला मी पुण्याला नेतो, टँक रिकामा करू, प्लॉटचं पुढं बघू. एकटीनं तिनं इथं काय करायचं? तो मुलगा म्हणून बोलत होता आणि त्याचे डोळे रडून सुजले होते. पण आईला विचारलं, येतेस ना पुण्याला, की ती म्हणायची, पंप तेवढा चालू करा. काय खाशील विचारलं तरी तेच. शेवटी सुहास मला बाजूला घेऊन म्हणाला, आईच्या डोक्यावर तर परिणाम झाला नसेल ना? मी त्याला उडवून लावलं, पण तीच भीती मलाही होती. माझी बहीण समोर बसलेली होती आणि तिच्यापर्यंत पोचायची वाट मला सापडत नव्हती. ती एकच गोष्ट मागत होती. पंप बसवल्यावर ती परत येईल की येणार नाही हे मला माहीत नव्हतं, पण न बसवता तिला पुण्याला न्यायची माझी तरी छाती नव्हती.

आणि मला खरं कळत नव्हतं ते हेच. टँक बांधल्यापासून जी त्याच्या नावानं बोटं मोडत आली, जिनं त्या पाण्यात पायाचा अंगठा बुडवला नाही, तिला आता पंप कशाला हवा होता?

फिटर बोलावला होता आधी. त्यानं पंपाच्या खोलीत डोकावून बघितलं, तुमच्या पाइपांचं जाळं बघितलं, आणि हे सगळं तोडून नव्यानं करावं लागेल, होळीनंतर बघू, असं म्हणून गाडीला किक मारली. राग आला मला. तुमची फिटिंग दिसायला वेडीवाकडी होती, मान्य. पण ती तुम्ही आणि मी मिळून केलेली. वळणाचा एल्बो तुम्ही चिकटवायचा आणि तो घट्ट होईस्तोवर मी पाइप दाबून उभा राहायचो. तुम्ही मला तसं धरायला लावून चहा प्यायला गेला होता एकदा, आठवतंय ना? म्हटलं, परका हात नको. मीच करतो.

तर आता आपलं जुनं भांडण. एचपीचं.

तुम्हाला माहिताय, आमच्या भागात माणसाची पत मोटरीवरून ठरते. ह्याची पाचची, त्याची साडेसातची, आणि दहाची असली की त्याच्या पोराला स्थळं सांगून येतात. त्यामुळं तुम्ही टँकला एक एचपीचा पंप लावला तेव्हा मला लाज वाटली होती. एवढा मोठा टँक, आणि एक? मी म्हणालो, दोनचा घ्या, दाजी. लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, पाव्हणं, हे पाणी उसाला चढवायचं नाही. टँकमधनं घ्यायचं, वाळूच्या फिल्टरमधनं गाळायचं आणि परत टँकमध्ये सोडायचं. हळूहळू गेलं तरच गाळलं जातंय. मी म्हणालो, जोरात गेलं तर जोरात गाळलं जाईल की. दर दिवाळीला हेच. मागच्या दिवाळीत मी शेवटी विचारलं, तेच पाणी परत तिथंच आणायचं तर फिरवायचंच कशाला? तुम्ही तोंडातला चिवडा संपवलात, काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात कुणीतरी गेटवर आलं आणि तुम्ही उठून गेलात. ते उत्तर राहिलं. आता तुम्ही काय म्हणणार होता याचा विचार मी इतक्यांदा केलाय की खरं काय ते सापडेनासं झालंय.

दुकानात उभा राहिलो तर समोर दोन्ही पंप. एकचा आणि दोनचा. दुकानदार म्हणाला, कुठला देऊ?  तुम्ही असता तर मी हट्टानं दोनचा म्हणालो असतो, तुम्ही एकचाच घेतला असता आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं. आता अडवायला कुणी नव्हतं. अडवायला कुणी नसताना आपलंच म्हणणं किती पोकळ वाटतं, ते मला तिथं कळलं. तरीही मी दोनचाच घेतला. का, ते विचारू नका. कदाचित मला वाटलं असेल की एवढं केल्यावर तरी तुम्ही येऊन रागवाल.

जुना पंप सोडवतानाच पहिला घोटाळा केला. आमच्याकडं विहिरीवरची मोटर वर असते आणि पाणी खाली. मोटर उघडली तर पाइपातलं चुळकाभर पाणी सांडतं, बाकी विहीर आपल्या जागी. मी त्याच हिशेबानं पाना लावला आणि पंपाचा जोड सैल केला. तुमची पंपाची खोली टँकच्या पातळीच्या खाली आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही, ती खणताना मी फावडं मारलेलं आहे. पण हाताला विहिरीचीच सवय. जोड सुटला आणि अख्खा टँक माझ्या अंगावर यायला लागला. कॉक बंद करायला गेलो तर तिथं तुमचे चार कॉक, सगळे सारख्या रंगाचे. एक फिरवला, पाणी थांबेना. दुसरा फिरवला तर पाणी वाढल्यासारखंच वाटलं. सुहास वरून ओरडायला लागला, मामा बाहेर या, मामा करंट लागेल.

तेवढ्यात अक्का पायऱ्या उतरून आली. सुतकातली बाई, कुणी अडवायच्या आत. लुगड्याचा ओचा वर खोचला, गुडघाभर पाण्यात वाकली, भिंतीकडच्या अंगाला हात घातला आणि माझ्या नजरेला न पडलेला पाचवाच कॉक फिरवला. पाणी थांबलं. ती वर गेली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली.

दाजी, तिला तो कॉक कसा माहीत? मी तर समजत होतो की या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तिनंही नाही. तुमच्या संसारातल्या सगळ्या गोष्टी मला ठाऊक आहेत अशा तोऱ्यात मी वावरत होतो आणि एका कॉकनं माझा तोरा उतरवला.

वाकलेले पाइप कापून काढले. नवे आणले, कापले, तोंडं पॉलिश पेपरनं घासली, चिकटवायचं सोल्युशन लावलं. सोल्युशनचं तुम्ही म्हणायचात ते खरं, एकदा चिकटलं की मागं येणं नाही. मी झोकात पहिला जोड चिकटवला, दाबून धरला, मनात तुमचं नाव घेतलं, आणि मग बघतो तर चिकटवायच्या आधी पाइपावर चढवायची चकती माझ्या मांडीवर. ती आता बाहेरून घालता येत नाही. परत कापा. परत कापलं तर पाइप आखूड. परत दुकान. तिसऱ्या फेरीला दुकानदारानं मला चहाच मागवला. सगळं जुळेपर्यंत मी तुमच्याशी मोठ्यानं बोलत होतो, असं सुहासनं नंतर सांगितलं. काय बोलत होतो ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चालू केला. दोन एचपी. पाणी असं उसळून आलं की माझी छाती फुगली. म्हटलं, बघा दाजी. आणि मग त्या उसळत्या पाण्यातून पिवळसर काहीतरी यायला लागलं. वाळू. फिल्टरच्या तळाची जाळी त्या जोरानं फुटली आणि आतली वाळू टँकमध्ये. आधीच पाणी हिरवं पडत चाललेलं, त्यात आता हा चिखल. सुहासनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मामा, सोडा आता. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ. मी टँकच्या कडेला बसलो. भांडण तुम्ही जिंकलात हे सांगायला तुम्ही नव्हता, आणि मी हरलो हे ऐकायलाही कुणी नव्हतं. तिथं मी रडलो. तुम्हाला पोचवताना रडलो नव्हतो तेवढा.

तरी सोडलं नाही. टँक रिकामा करून टाका म्हणणं सोपं होतं. पण उन्हाळ्याच्या तोंडावर एवढं पाणी गटारात सोडायचं हे सोलापुरात कुणाच्या हातून होणार? दुकानदारानं तुमचं नाव ऐकून पंप बदलून दिला, थोडा कुरकुरला. मी फिल्टर उघडला, जाळी बदलली, वाळू बाहेर काढून धुऊन परत भरली. एक एचपीचा पंप बसवला. आणि या वेळी एक जादाची गोष्ट केली. पंपाची खोली आणि स्वयंपाकघर यांची भिंत एक. जुन्या पंपाचा आवाज त्या भिंतीतून पिठाच्या गिरणीसारखा यायचा आणि अक्का त्यावरून तुमच्याशी, माझ्याशी, येईल त्याच्याशी भांडायची. डोकं उठतंय म्हणायची. तुम्ही दर उन्हाळ्यात म्हणायचा, बदलतो गं, आणि बदलायचा नाहीत. म्हटलं, निदान तिचं हे एक दुखणं तरी मिटवू. पंपाखाली जाड रबर टाकलं, पाइप जिथं भिंतीतून जातो तिथंही रबर गुंडाळलं. नवा पंप मुळातच शांत. हात लावून बघितल्याशिवाय चालू आहे की बंद हे कळत नव्हतं. मी स्वतःवर खूश झालो.

तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, पै-पाहुणे गेले. तोवर पाणी निवळलं होतं, आणि ते निवळेपर्यंत अक्काला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सुहास आईला घेऊन निघणार होता, बॅग भरून दारात ठेवली होती. सकाळी अक्का स्वयंपाकघरात त्या भिंतीपाशी उभी होती. मी गेलो आणि म्हणालो, झालं अक्का.

"मग चालू कर की."

"चालू हाय की. पहाटंपास्नं चालू हाय."

"आवाज कुटाय?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो. नवा पंप, खाली रबर, आता तुझं डोकं उठणार नाही.  मग तिनं भिंतीला तळहात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि खाली बसली.

दाजी, मग तिनं जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. तुम्ही रोज सकाळी पंप चालू करायचा, पानं काढायचा, औषध टाकायचा, आणि सगळं झालं की पंप थोड्या वेळासाठी बंद करून चहाला यायचा. आवाज थांबला की अक्का चहा ठेवायची. तुम्ही हातपाय धुऊन आत येईपर्यंत चहा उतू यायच्या बेतात असायचा. हाक नाही, काही नाही. असं तुम्ही दोघांनी कधी ठरवलं नव्हतं, पण चालत आलं होतं. पंपाची खोलीही तिला पाठ होती, पावसाळ्यात तुम्ही गावाला गेला की तीच खाली उतरून सगळं बघायची. डोकं उठतंय हेही खरं होतं आणि तो आवाज ऐकत ती दिवस सुरू करायची हेही खरं होतं. मला एवढ्या वर्षांत फक्त पहिलं ऐकू आलं.

त्या सकाळी ती शेंगदाणे भाजत होती. आवाज थांबेना. तिला वाटलं, पानं लई पडलीत, आज काम जास्त निघालं असेल. दाणे भाजून झाले, सोलून झाले, पाखडून झाले. आवाज चालूच.

"आवाज चालू हुता म्हणून मी बघाय गेले न्हाय, दत्ता."

एवढंच म्हणाली. मग सांगितलं की तिसऱ्या दिवशी मोटर जळाली आणि आवाज थांबला, तेव्हा आम्ही सगळे बाहेर होतो, बायका पडवीत होत्या, आणि ती उठून गॅसपाशी गेली आणि तिनं चहा ठेवला. दोघांचा. तो उकळल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं मोरीत ओतून दिला. पंप परत चालू करून दे असं ती का म्हणत होती, ते तिलाही सांगता आलं नाही. "मला वाटलं, परत चालू झाला तर..." म्हणाली आणि तिथंच फुटली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. सुहास धावत आला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. लहानपणी ती माझं घ्यायची.

मी तिला म्हणालो की डॉक्टर म्हणाला, क्षणात गेले. डॉक्टर तसं म्हणाला होता का? "गेले असतील" म्हणाला होता. मी ते "असतील" खाल्लं. बरोबर केलं का, दाजी? तुम्ही हाक मारली होती का तिला? पंपाच्या आवाजात ती गेली का? हे मला कधीच कळणार नाही आणि तुम्हाला विचारूनही तुम्ही सांगणार नाही. दर उन्हाळ्यात बदलतो, बदलतो म्हणत तुम्ही पंप बदलला नाहीत तो आळसानं, की तिला तो आवाज हवाय हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून? आणि ठाऊक होतं तर तोच आवाज तुमच्यावर उलटला असं म्हणायचं का? एकाचं उत्तर धरलं की दुसरं सुटतंय. मी अक्काला विचारलं, रबर काढून टाकू का, थोडा आवाज येईल. ती म्हणाली नको. नको का, तेही मला नीट कळलं नाही.

डोळे पुसून ती उठली आणि मला म्हणाली, हा नवा कसा चालू-बंद करायचा दाखव. खाली गेलो. तिनं स्वतःच्या हातानं बंद केला, स्वतःच्या हातानं चालू केला, वर हात ठेवून थरथर बघितली. वर आल्यावर सुहासला म्हणाली, बॅग आत ने. मी हितंच ऱ्हाते, पावसाळ्यात बघू पुण्याचं. सुहास माझ्याकडं बघायला लागला, मामा तुम्ही तरी सांगा. मी सांगितलं, ऊस तुटून गेलाय माझा, मी थोडे दिवस हितंच हाय.  संध्याकाळी तो एकटाच पुण्याला गेला, निघताना आईच्या पायावर बराच वेळ डोकं ठेवून.

आज सकाळी अक्का टँकवर गेली. तुमचं लांब दांड्याचं जाळं घेऊन पानं काढत होती, पदर डोक्यावर घट्ट आवळून. जाताना मला सांगून गेली, चहा तू ठेव. मी स्वयंपाकघरात बसलो. भिंतीतून काहीच येत नव्हतं. ती पंप कधी बंद करणार, कधी येणार, आधण कधी ठेवायचं, काही कळेना. मी दारापर्यंत जाऊन बघून आलो, ती पानं काढत होती. परत येऊन बसलो. बसवेना. परत गेलो. ती वाकून जाळी झाडत होती. असं मी सारखा उठून जायला लागलो, आणि शेवटी तिनं हटकलं, काय सारखा सारखा येतोस रे?

मी म्हणालो, "आवाज येत न्हाय की आता. बघाय यावंच लागतंय."

 तिनं जाळं हातात धरूनच माझ्याकडं बघितलं, मग पाण्याकडं बघितलं.

"येत जा," म्हणाली.